आई-वडिलांनी मिशिगन स्टेडियमला जावं का? थोडं सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरला एमएस करतोय. तुम्ही दोघं सप्टेंबर ते नोव्हेंबर त्याच्याकडे असाल. तिथल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याला खरंच एक लाखावर माणसं येतात का, खेळातलं काही कळत नसताना तिकिटाचे पैसे घालावेत का, आणि तुमच्या गुडघ्यांना ते झेपेल का? मी अठरा वर्षं मिशिगनमध्ये राहतोय. या स्टेडियमला कितीदा गेलो त्याचा हिशोब ठेवलेला नाही, पण माझ्या आई-बाबांना घेऊन गेलो होतो तो दिवस मला तासातासाने आठवतो. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी आकड्यांचं. मिशिगन स्टेडियम, म्हणजे मिशिगन विद्यापीठाचं अ‍ॅन आर्बरमधलं स्टेडियम, त्याची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. म्हणजे सव्वातीन वानखेडे. तुम्ही कुठेतरी १,१५,००० वाचलंत, तेही खरं आहे. ७ सप्टेंबर २०१३ च्या नोत्र दाम विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला १,१५,१०९ उपस्थिती जाहीर झाली होती. तेव्हा क्षमता १,०९,९०१ होती, शिवाय उपस्थिती मोजताना तिकीट काढून आलेल्यांबरोबर बँड, पत्रकार आणि काम करणारी माणसंही धरतात. ८ नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या प्रत्येक घरच्या सामन्याला लाखावर माणूस आलाय. अपवाद फक्त २०२० चा, तेव्हा कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. आणि अ‍ॅन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या आत-बाहेर. सामन्याच्या शनिवारी जवळजवळ आणखी एक गाव त्या गावात येऊन बसतं.

एक लाखाच्या वरची अशी आठेक स्टेडियमं अमेरिकेत कॉलेजांची आहेत. पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम, एलएसयू (लुइझियाना स्टेट), टेनेसी, टेक्सस, अलाबामा आणि हे. व्यावसायिक संघांच्या एनएफएलमधलं एकही इतकं मोठं नाही. आपल्याला हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. यांतली बरीचशी १९२० च्या दशकात उभी राहिली. जवळपास व्यावसायिक संघ नव्हते, अख्ख्या राज्याचा संघ म्हणजे विद्यापीठाचा संघ. पुढे माजी विद्यार्थी वाढत गेले तशा रांगा वाढत गेल्या. आणि बसायला खुर्च्या नव्हेत, बाक. बाकावर माणसं दाटीवाटीने बसतात. जिथे जिथे बाक काढून खुर्च्या बसवल्या, तिथे क्षमता खाली आली.

पण ताई, मला मनापासून सांगायचंय ते हे की आकडा बघून स्टेडियम निवडू नका. स्टेडियम जमिनीत कसं बसवलंय आणि गावाच्या किती जवळ आहे, यावर तुमचा दिवस ठरतो. २०१६ मध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया टेकचा सामना टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टलच्या मोटारशर्यतीच्या मैदानावर भरवला होता. १,५६,९९० माणसं. कॉलेज फुटबॉलमधला हा उच्चांक. मी तो टीव्हीवर पाहिला. शर्यतीचा ट्रॅक मध्ये असल्यामुळे पहिल्या रांगेतला माणूससुद्धा खेळापासून लांब होता. एवढी गर्दी, पण खेळाडू आणि प्रेक्षक एकमेकांचे वाटतच नव्हते.

मिशिगनचं नेमकं उलट आहे. १९२७ मध्ये विद्यापीठाचे क्रीडासंचालक फील्डिंग योस्ट यांनी हे बांधून घेतलं, येल विद्यापीठाच्या वाडग्यासारख्या स्टेडियमचा नमुना समोर ठेवून. सुरुवातीला ७२,००० जागा होत्या, पण पाया असा घालून घेतला की पुढे लाखाच्या वर नेता यावं. जमीन झऱ्यांची, पाणी लागत होतं, तरी सगळा वाडगा खालीच खणला. मूळ बांधकामातल्या वरच्या पंधराएक रांगाच काय त्या जमिनीच्या वर होत्या. २०१० मध्ये दोन्ही बाजूंना विटांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यामुळे आता बाहेरून थोडं भव्य दिसतं. तरी रस्त्यावरून चालत येणाऱ्याला आत काय आहे याचा अंदाज येत नाही.

माझे बाबा मिरजेकडचे. सामन्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना बाहेरून स्टेडियम दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर दिसत होतं की हेच का ते. दुसऱ्या दिवशी दारातून आत जाऊन बोळातून पुढे आलो आणि पायाखालची जमीन संपली. खाली, खूप खाली, हिरवं मैदान आणि चारही बाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, सगळ्या माणसांनी भरलेल्या. बाबा कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, ही तर बारव!" इतकी वर्षं इथे येऊन मला तो शब्द सुचला नव्हता. बारवेसारखंच आहे ते. वरून कळत नाही, काठाशी गेल्यावर उघडतं. त्या एका क्षणासाठी तुम्ही जावं असं मी म्हणेन, खेळ कळो न कळो.

एक छोटी गोष्ट सांगतो, मुलाला विचारून बघा, त्याला ठाऊक असेल. १९५६ पासून इथल्या क्षमतेचा शेवटचा आकडा कायम १ असतो. १,०१,००१ पासून आजच्या १,०७,६०१ पर्यंत. ती एक जागा प्रशिक्षक आणि नंतरचे क्रीडासंचालक फ्रिट्झ क्रायस्लर यांच्या मानाची. ती नेमकी कुठे आहे, हे सांगितलं जात नाही.

आता खेळाचं. एवढं कळलं तरी पुरे: आपल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले, तर पुन्हा चार प्रयत्न. नाही गेले, तर चेंडू दुसऱ्याकडे. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की सहा गुण, वर लाथेचा एक. लांबून खांबांमधून लाथाडला तर तीन. इतकंच. आणि यात प्रेक्षकांचं काम असतं, हे नवख्याला कोणी सांगत नाही. चेंडू समोरच्यांकडे असेल तेव्हा ओरडायचं, कारण त्यांच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्या गड्याने, दिलेल्या सूचना त्याच्याच गड्यांना ऐकू जाऊ नयेत. चेंडू आपल्याकडे आला की गप्प बसायचं. तिसऱ्या प्रयत्नाला लोक खिशातून किल्ल्या काढून खुळखुळवतात. माझ्या आईने हे पाच मिनिटांत हेरलं. दुसऱ्या क्वार्टरपासून (सामन्याचे असे चार भाग असतात) ती आमच्या घराच्या किल्ल्या हातात घेऊनच बसली होती, आणि पुढच्या रांगेतली एक आजी दर तिसऱ्या प्रयत्नाला मागे वळून तिच्याकडे बघून मान हलवायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आवाजाबद्दल एक प्रामाणिक गोष्ट. लाख माणसं म्हणजे कान फुटतील असं समजू नका. हा वाडगा उथळ आणि पसरट आहे, आवाज वर आभाळात जातो. २०१० च्या इमारतींनी तो थोडा अडवला. ओहायो स्टेटचं दुमजली, घोड्याच्या नालेसारखं स्टेडियम याहून थोडं लहान, पण माझ्या कानांना तिथे जास्त दणका बसला.

बँड मात्र चुकवू नका. चारशेच्या आसपास मुलंमुली, सगळे विद्यार्थी. बोगद्यातून धावत मैदानावर येतात, आणि त्यांचा म्होरक्या मागे वाकून डोकं जमिनीला टेकवतो. त्यानंतर खेळाडू येऊन निळ्या फलकाला उडी मारून हात लावतात, ही प्रथा १९६२ पासूनची. हे सगळं सामन्याच्या आधी होतं. उशिरा पोहोचलात तर यातलं काहीच दिसणार नाही. निम्मे तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात, असं मी आजवर प्रत्येक पाहुण्याला सांगत आलोय.

कोणता सामना घ्यायचा? सप्टेंबरमधला, तुलनेने दुबळ्या संघाविरुद्धचा. तिकीट स्वस्त असतं आणि हवा बरी असते. ओहायो स्टेटविरुद्धचा सामना नोव्हेंबरच्या शेवटी होतो, विषम वर्षी इथे आणि सम वर्षी त्यांच्या गावी, कोलंबसला. त्याचं तिकीट कितीतरी महाग पडतं. २०२१ चा तो सामना मी बर्फात बसून पाहिला. मिशिगन ४२–२७ असं जिंकलं आणि अख्खा जमाव मैदानावर उतरला. माझ्या आयुष्यातला तो एक मोठा दिवस आहे, पण तुमच्या वयाच्या, पुण्याहून आलेल्या माणसांना त्या थंडीत चार तास उघड्यावर बसवणं मला पटत नाही. फक्त सप्टेंबरमध्ये उन्हाचा विचार करा. वाडग्यात सावली जवळजवळ नाही. टोपी हवीच.

सामन्याची वेळ पुष्कळदा आठवडा-दोन आठवडे आधीच ठरते, टीव्हीवाल्यांच्या सोयीने. दुपारी बारा, साडेतीन किंवा संध्याकाळी. त्यामुळे त्या शनिवारी दुसरं काही ठरवू नका. बारा वाजताचा असेल तर नऊलाच बाहेर पडा. स्टेडियमसमोरच्या गोल्फ मैदानात आणि शेजारच्या शाळेच्या आवारात गाड्या लावून, डिकी उघडून, शेगड्या पेटवून लोक सकाळपासून बसलेले असतात. याला टेलगेटिंग म्हणतात. गावच्या जत्रेला पालं पडतात तसं ते दिसतं. आम्ही आठ-दहा मराठी घरं मिळून जातो. कांदेपोहे तिथेच गरम करतो, वडे घरून तळून नेतो, थर्मासमध्ये चहा. शेजारचे लोक स्वतःहून येऊन बोलतात, खायला देतात, आपलंही खातात. तुमच्या मुलाच्या ओळखीत कोणाची गाडी लागत असेल तर त्यांच्यात जा. नसेल तर नुसतं त्या गर्दीतून रमतगमत चाला, कोणी परकं समजत नाही.

आता गुडघे. आत नव्वदच्या वर रांगा आहेत आणि उद्‌वाहन सामान्य तिकिटाला उपयोगी पडत नाही. लोक हौसेने खालच्या रांगेचं तिकीट घेतात. ते घेऊ नका. उतरताना काही वाटत नाही, परतताना सगळा चढ, तोही गर्दीत. आत शिरल्यावर बोळ जिथे उघडतो त्याच्या जवळची रांग बघा. मैदान लांब दिसेल, पण वाडगा असल्यामुळे प्रत्येक जागेवरून पूर्ण दिसतं, आणि वरून खेळाची मांडणी उलट जास्त कळते. पायऱ्या अजिबात नको असतील तर त्यासाठी वेगळ्या जागा असतात. तिकीट घेतानाच तशी मागा, आयत्या वेळी बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. बाकाला पाठ नसते. बाकावर रंगवलेला आकडा म्हणजे तुमची जागा, आणि ती अरुंद असते. पिशवी किंवा पर्स आत नेण्याचे नियम कडक असतात, म्हणून औषधं खिशात मावतील तेवढीच ठेवा, आणि त्या वर्षीचे नियम विद्यापीठाच्या पानावर एकदा वाचून घ्या. तिकीट मोबाइलवर असतं. सामना साडेतीन तास चालतो, कधी जास्त. मध्यंतर वीस मिनिटांचं, त्यात बँड पुन्हा मैदानावर येतो. स्वच्छतागृहाला त्याआधीच जाऊन या.

तुमच्या यजमानांनी विचारलंय की मिशिगन सोडून दुसरीकडे कुठे जावं. जमलं तर आयोवा सिटी, आयोवा विद्यापीठाचं गाव. तिथलं किनिक स्टेडियम ६९,२५० चं, म्हणजे इथल्यापेक्षा कितीतरी लहान. शेजारी मुलांचं रुग्णालय आहे, त्याच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या मैदानाकडे उघडतात. २०१७ पासून पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम, दोन्ही संघांचे प्रेक्षक, खेळाडू, पंच, त्या खिडक्यांकडे वळून हात हलवतात. वर आजारी मुलं आपल्या आई-वडिलांबरोबर उभी असतात, तीही हात हलवतात. मी तिथे एकदाच गेलोय. माझ्या शेजारचा धिप्पाड माणूस रडत होता आणि त्याने ते लपवलं नाही. मीही नाही.

आणि काही ठिकाणी आता मुद्दाम लहान बांधतायत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने आपलं ४७,००० चं जुनं स्टेडियम पाडून जागेवर ३५,००० चं बांधायला घेतलं. माणसं घरी मोठ्या पडद्यावर बघतात, आणि येणाऱ्याला पाठ टेकायला खुर्ची हवी असते. मला ते कळतं. तरी मिशिगनचे बाक जाऊ नयेत असं वाटतं, कारण खांद्याला खांदा लागल्याशिवाय आईची आणि त्या आजीची ओळख झाली नसती.

शेवटची एक गोष्ट, मुलाशी आधीच बोला. विद्यार्थ्यांची तिकिटं स्वस्त असतात, पण त्यांचा भाग वेगळा असतो आणि तिथली मुलं सामनाभर बाकांवर उभी असतात. तुम्ही तिथे बसू शकणार नाही. त्याचं विद्यार्थी तिकीट असलं तरी त्या एका शनिवारी तुमच्या रांगेतली तीन साधी तिकिटं एकत्र घ्या आणि त्याला मध्ये बसवा. तिसरा प्रयत्न कधी आहे ते तो सांगेल, आणि किल्ल्या तेवढ्या तुमच्या हातात ठेवा.