सात रात्रींत चार जंगलं? ऑगस्टमधल्या केनिया सफारीबद्दल

ऑगस्टमध्ये सात रात्री, सोबत पासष्टी ओलांडलेले आई-बाबा आणि दहा वर्षांची लेक. एजंटने आखून दिलंय : आंबोसेली १, सांबुरू २, नाकुरू १, मसाई मारा २ आणि शेवटची रात्र नैरोबी. एवढ्यात सगळं बघून होईल का आणि नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (गुरांसारखी दिसणारी आफ्रिकन हरणं) नक्की दिसतील का, असं तुम्ही विचारलंय. मी केनियाला तीनदा गेले आहे, त्यात एकदा सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन. त्या अनुभवावरून सांगते, सांबुरू आणि नाकुरू दोन्ही काढून टाका.

आंबोसेली नैरोबीच्या दक्षिणेला, टांझानियाच्या सीमेला लागून. सांबुरू पार उत्तरेला, विषुववृत्ताच्या पलीकडे. इथून तिथे जायचं तर नैरोबीवरूनच जावं लागतं आणि अख्खा दिवस गाडीत जातो. वर जंगलातला खडबडीत कच्चा रस्ता. तिथले ड्रायव्हर त्याला हसून ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात, पण शेवटच्या रांगेत बसलेल्या सासूबाईंची कंबर दुसऱ्या दिवशी चांगलीच धरली होती. आई-बाबांना ड्रायव्हरच्या लगेच मागे बसवा, तिथे हादरे कमी बसतात. आणि गाडी छत उघडणारी लँड क्रूझरच हवी, व्हॅन नको, हे एजंटकडून लेखी घ्या.

सांबुरू वाईट म्हणून नाही सांगत. जाळीदार नक्षीचे जिराफ, बारीक पट्ट्यांचा ग्रेव्ही झेब्रा, मागच्या पायांवर उभं राहून पाला खाणारं गेरेनुक हरीण, हे तुम्हाला मसाई मारात दिसणार नाहीत. पण त्यासाठी निवांत तीन दिवस काढून पुन्हा जा. नाकुरूला गेंडे छान दिसतात, काळे आणि पांढरे दोन्ही. फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेल्या तळ्याचे जुने फोटो बघून मात्र जाऊ नका. गेल्या काही वर्षांत तळ्याचं पाणी खूप वाढलं, त्याचा खारेपणा कमी झाला आणि बरेचसे पक्षी दुसऱ्या तळ्यांकडे गेले.

मी असं आखेन : पहिली रात्र नैरोबी, मग आंबोसेली २, नैवाशा १, मारा ३. नैवाशा फक्त प्रवास तोडायला. संध्याकाळी तिथल्या तळ्यात होडीतून फिरता येतं, आणि रात्री पाणघोडे चरायला हॉटेलच्या हिरवळीवर येतात. त्या वेळी पहारेकऱ्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. हे लेकीला नीट समजावून सांगा.

आंबोसेली जेमतेम ३९२ चौरस किलोमीटरचं. किलिमांजारो डोंगरावर पडणारं पाणी जमिनीखालून वाहत येऊन इथे दलदलीच्या रूपात वर येतं, म्हणून भर उन्हाळ्यातही मधला पट्टा हिरवागार असतो आणि हत्ती तिथे येतातच. एका दलदलीच्या कडेला आम्ही दीड तास गाडी बंद करून बसलो होतो. पाण्यातून बाहेर आलेल्या हत्तिणीच्या अंगावर पोटाच्या वर एक सरळ रेघ होती : खाली ओली काळी, वर धुळीने पांढुरकी. ती किती खोल गेली होती ते त्या रेघेवरून कळत होतं. मागून आलेलं पिल्लू मात्र पाठीपर्यंत काळं! ती पुढच्या पायाच्या नखांनी गवताचा झुबका सैल करायची, सोंडेने उपटायची, गुडघ्यावर आपटून माती झाडायची आणि मग तोंडात घालायची. दर वेळी हाच क्रम. पंधरा मिनिटांत ‘हत्ती झाले, पुढे चला’ म्हटलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं. किलिमांजारो बघायचा तर पहाटे किंवा संध्याकाळी, एरवी तो बहुधा ढगात असतो.

आता नदी ओलांडण्याबद्दल. तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे टांझानियातलं सेरेंगेटी आणि मारा मिळून वर्षभर पावसामागे, ताज्या गवतामागे फिरत असतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर कळप मारा नदीच्या आसपास असतात, म्हणजे तुमचा महिना बरोबर आहे. पण ‘नक्की’ कोणीही सांगू शकत नाही, आणि जो एजंट सांगतो त्याच्यापासून जपून राहा. कळप काठावर येतो, तासन् तास उभा राहतो, एखाद्या झेब्र्याने पाण्याला तोंड लावून माघार घेतली की सगळे मागे पळतात.

माझ्या दुसऱ्या खेपेला आम्ही तीन तास थांबलो होतो. पहिले काही विल्डबीस्ट पाण्यात उतरले आणि पलीकडच्या गाड्या फोटोसाठी थेट काठावर आल्या, बरोबर जिथून ते वर चढणार तिथेच. उतरलेले परत फिरले. एक वासरू आईपासून सुटून काठावर ओरडत राहिलं. त्या दिवशी मला रडू आलं. तुम्हाला मनापासून विनंती, ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगा : आम्हाला मागे थांबलेलं चालेल, उशिरा दिसलं तरी चालेल, नाही दिसलं तरी चालेल. गिऱ्हाईक नाराज होईल आणि टिप जाईल, या धास्तीनेच बरेचदा गाड्या पुढे घुसतात. एका प्राण्याभोवती पाचच गाड्या असा माराचा नियम आहे, तोही तुम्ही आग्रहाने पाळायला लावा.

मारात तीन रात्री म्हणते ते याचसाठी. एक दिवस नदीवर गेला तरी सिंह, चित्ते, तरस यांना वेळ उरतो. ताडोब्यात आपण चितळाचा, वानराचा कॉल ऐकून वाघ शोधतो ना, तसं इथे उघड्या माळावर जिराफ आणि ‘टोपी’ नावाची हरणं एकटक कुठे बघताहेत ते बघायचं. लेकीला ड्रायव्हर एकमेकांशी रेडिओवर बोलतात ते स्वाहिली शब्द शिकवून ठेवा : सिम्बा म्हणजे सिंह, चुई म्हणजे बिबट्या, दुमा म्हणजे चित्ता. आणि गाडीला तिथे ‘गारी’च म्हणतात, आपल्याकडूनच गेलेला शब्द.

खर्चात माराची फी वेगळी विचारा. २०२४ पासून जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर आहे, आणि तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं. शाकाहारी जेवणाची अजिबात काळजी नको, फक्त डब्याचं आदल्या रात्री सांगा. पहाटे चांगली थंडी असते, स्वेटर घ्या. प्रत्येकाला वेगळी दुर्बीण घ्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर देशभर बंदी आहे, बॅगेतून काढून टाका.

पिवळ्या तापाच्या लशीचं मात्र आजच बघा. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, आणि दाखल्याशिवाय परत आलात तर भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाची शक्यता वाढते, म्हणून आई-बाबांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या.