वाचता येते, तरी मूल वाचत नाही

"वाचता येतं, पण वाचायला बसत नाही" ही तक्रार प्राथमिक शाळेतील मुलांचे पालक माझ्याकडे सातत्याने घेऊन येतात. बहुतेकांच्या मनात कारणही ठरलेले असते, ते म्हणजे मोबाईल. मोबाईलचा वाटा मी नाकारत नाही. परंतु पुस्तक टाळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत तेच कारण असते असे नाही, आणि सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मुलाच्या अनुभवातून ते मला स्पष्ट करायचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या मुलाची आई रोज संध्याकाळी त्याला बालभारतीचे पुस्तक मोठ्याने वाचायला लावत असे. शब्द चुकला की थांबवायचे, दुरुस्त करायचे आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्यायचे, असा नेम होता. एक वर्षाने लहान असलेली चुलत बहीण जवळच बसलेली असे आणि तो अडखळला की त्याच्या आधी शब्द सांगून टाकी. हळूहळू पुस्तक बाहेर निघाले की त्याच्या पोटात दुखू लागले. "मॅडम, खरंच दुखतं की नाटक करतो, तेच कळत नाही," असे आईने मला विचारले. अशा वेळी मुलाचे पोट खरोखरच दुखू शकते. भीती शरीरातून व्यक्त होते, आणि आठ वर्षांच्या मुलाकडे ती सांगण्यासाठी दुसरे शब्द नसतात.

त्याच्याशी एकट्याने बोलताना मी पुस्तकाचा विषयच काढला नाही. तो मात्र आजोबांबरोबर एस.टी. स्टँडवर जाण्याबद्दल रंगून बोलू लागला. कोणती गाडी कुठे जाते हे त्याला पाट्यांवरून कळत होते. कागद दिल्यावर त्याने दहिवडी, महाबळेश्वर, कऱ्हाड अशा पाट्या काढून दाखवल्या. 'दहिवडी'तील पहिली वेलांटी डोळ्यांना 'ह'च्या आधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. 'महाबळेश्वर'मध्ये जोडाक्षर आहे. आणि 'कऱ्हाड'मधील 'ऱ्ह' तर मोठ्यांनाही लिहिताना विचार करायला लावतो. हे सगळे तो सहज वाचत होता, आणि तरीही घरातील प्रत्येकाचे मत होते की हा काहीच वाचत नाही. पाट्या वाचण्याला कोणी वाचन मानलेच नव्हते. त्या वाचनात चुकले तर टोकणारे कोणी नव्हते, आणि वाचल्यामुळे त्याला हवी असलेली गोष्ट कळत होती, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

नव्याने वाचू लागलेल्या मुलाचे बरेचसे लक्ष अक्षर, काना, मात्रा आणि रफार जुळवण्यातच खर्च होते, त्यामुळे वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटून जाते आणि अर्थ हाती लागत नाही. अर्थ नाही म्हणून गोडी नाही, गोडी नाही म्हणून सराव नाही, आणि सराव नाही म्हणून वेग नाही. त्यात प्रत्येक चुकीवर थांबवले, तर अर्थाचा उरलेला धागाही तुटतो. अर्थात, असे मूल समोर आल्यावर दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी मी आधी करून घेण्यास सांगते, आणि इथेही तसे केले. दोन्ही व्यवस्थित होते.

त्यानंतर मी आईच्या संमतीने त्याच्या वर्गशिक्षिकांशी बोलले. त्या त्याच वर्षी बदलून आल्या होत्या, आणि या प्रकरणातील खरे श्रेय त्यांचे आहे. शाळा सुटण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे त्या रोज वर्गाला एक गोष्ट वाचून दाखवत आणि गोष्ट संपल्यावर एकही प्रश्न विचारत नसत. तात्पर्य नाही, स्वाध्याय नाही. कपाटात कुलूपबंद असलेली पुस्तके त्यांनी बाहेर काढून खिडक्यांना बांधलेल्या दोरीवर, मुखपृष्ठे दिसतील अशी लावली होती. मुलाने चार पाने चाळून पुस्तक परत ठेवले तरी त्या काही म्हणत नसत, आणि पुस्तक फाटले तर मुलांबरोबर बसून ते चिकटवत. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळा दरवर्षी साजरा करते, ते चांगलेच आहे. परंतु त्या दिवसाच्या भाषणांपेक्षा ही रोजची दहा मिनिटे मला कितीतरी मोलाची वाटतात.

एस.टी.ची गोष्ट ऐकल्यावर बाईंनी त्याच्यावर दोन कामे सोपवली. पहिले म्हणजे वर्गासाठी गावांच्या पाट्या तयार करायच्या. दुसरे अधिक विचारपूर्वक होते: पहिलीच्या मुलांना आठवड्यातून एकदा एक चित्रगोष्ट वाचून दाखवायची. तिसरीतल्या मुलाच्या हाती एरवी पहिलीचे सोपे पुस्तक दिले असते तर त्याला अपमान वाटला असता. आता मात्र ते पुस्तक लहानग्यांसाठी होते आणि हा त्यांना वाचून दाखवणारा दादा होता. नीट वाचता यावे म्हणून तो तीच गोष्ट पुन:पुन्हा वाचू लागला. ओघ वाढवण्यासाठी असे पुनर्वाचन फार उपयोगी पडते, पण ते शिक्षा म्हणून करवून घेतले तर मूल त्याला कंटाळते.

घरी मी एवढेच सांगितले की संध्याकाळची परीक्षा बंद करावी आणि त्या वेळात आईने किंवा वडिलांनी त्याला वाचून दाखवावे. आईला हे अवघड गेले, कारण मूल मागे पडेल ही काळजी खरी होती आणि ती प्रेमातूनच आलेली होती. पुस्तकांसाठी वेगळे पैसे काढणे शक्य नव्हते. तेव्हा बालभारतीतर्फे १९७१पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, हे मी त्यांना सांगितले. ज्या मोबाईलला घरात दोष दिला जात होता, त्याच्यावरच वडील रात्री गोष्ट वाचू लागले. चुलत बहिणीलाही त्यात घेतले, पण शब्द सांगण्याची मुभा कोणालाच ठेवली नाही.

पोटदुखी प्रथम थांबली. वाचनाचा वेग बऱ्याच महिन्यांनी वाढला, आणि आजही तो वर्गातील सर्वांत जलद वाचणारा मुलगा नाही. परंतु दोरीवरचे पुस्तक घरी नेण्याची परवानगी तो स्वत:हून मागतो. सर्वच मुलांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. अनेक महिने धाक न दाखवता नियमित मदत करूनही मूल तीच अक्षरे ओळखण्यात अडत असेल, किंवा तोंडी उत्तरे उत्तम आणि वाचन-लेखन फार मागे अशी तफावत टिकून असेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, त्यामुळे निदान झाल्यास परीक्षेत सवलती मिळू शकतात.

शेवटच्या भेटीत आईने विचारले, "आता तो स्वत: वाचतो, तर आम्ही वाचून दाखवणं थांबवायचं का?" मी नको म्हणाले. प्राथमिक वयात मुलाला ऐकून जेवढे समजते, तेवढे स्वत: वाचून समजायला आणखी काही वर्षे लागतात, म्हणून सोपी गोष्ट त्याने वाचावी आणि तिच्याहून थोडी कठीण, लांब गोष्ट आई-वडिलांनी वाचून दाखवावी, निदान पाचवीपर्यंत तरी.