धुराडं कुठे, नाक कुठे?

प्रश्न : मॅडम, लाकडाची चूल बंद करून आम्ही इंडक्शन शेगडी आणली. मुलगा म्हणतो, ‘आई, वीज कोळशाचीच आहे. इथला धूर तू तिथे नेऊन टाकलास, एवढंच!’ त्याला काय सांगू?

उत्तर : कार्बन डायऑक्साइडपुरतं त्याचं बरोबर आहे. कोळशावर एक युनिट वीज बनवताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो घरातल्या चुलीतून गेला काय किंवा उंच धुराड्यातून गेला काय, हवामानाला सारखाच. शिवाय कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश ते दोन पंचमांश भागच विजेत उतरतो, बाकीची थंड करणाऱ्या पाण्यात आणि धुराड्यातून वाया जाते.

फुप्फुसाचा हिशेब वेगळा आहे. माझी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात राख पकडण्यात गेली. तिथे आम्ही मोजत होतो ते ‘किती राख बाहेर पडली’. आजार मात्र त्यातली किती कुणाच्या नाकात गेली यावर ठरतो. घरगुती धुरावर आयुष्यभर काम केलेले संशोधक कर्क स्मिथ एक ढोबळ ठोकताळा सांगत: घरात सुटलेलं प्रदूषण माणसाच्या फुप्फुसात पोहोचण्याची शक्यता बाहेर सुटलेल्या प्रदूषणाच्या सुमारे हजारपट असते. पटण्यासारखंच आहे. चूल फुंकणारीचं तोंड जाळापासून हातभर लांब, वर छप्पर आणि बहुधा कडेवर मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे सुमारे ३२ लाख माणसं अकाली गेली. त्यात न्यूमोनिया झालेली लहान मुलं होती, तशीच हृदयविकार आणि पक्षाघाताने गेलेली मोठी माणसंही. धूर म्हणजे फक्त खोकला, असं आपल्याला उगाच वाटतं. अडीच मायक्रोमीटरहून बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म थेट रक्तात जातात.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. मोठ्या धुराड्याआधी ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर), म्हणजे विजेच्या भाराने धुरातली राख पकडणारं यंत्र बसवता येतं. पत्र्यांच्या उंच रांगा आणि त्यांच्यामध्ये हजारो व्होल्टच्या तारा असतात. राखेच्या कणावर विद्युतभार बसतो, कण पत्र्याला चिकटतो, मग हातोडे पत्रे ठोकतात आणि राख खाली हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत पडते. सगळं नीट चालू असेल तर ९९ टक्क्यांहून जास्त राख अडते. हॉपर तुंबला किंवा एखादं फील्ड (पत्रे आणि तारांचा एक विभाग) बंद पडलं की मात्र धुराड्याचं तोंड लगेच काळवंडतं, आणि तरी वीजनिर्मितीचा संच चालू ठेवायचा मोह वरिष्ठांना होतोच. ते असो. कोट्यवधी चुलींना ईएसपी कोण बसवणार?

मुलाला एवढं सांगा, की त्याचा राग रास्त आहे, फक्त पत्ता चुकलाय. धुराड्याच्या पायथ्याशी आणि राखेच्या तलावाशेजारी राहणाऱ्यांना ‘लांब’ हा शब्द लागू होत नाही, त्यांच्या वतीने त्याने जरूर भांडावं. उद्या वीज सूर्यावर आली तरी तुमची शेगडी तीच राहील. चुलीला ती सोय नाही.

प्रश्न : जवळच्या वीज केंद्रातून पूर्वी काळा धूर येई. आता दाट पांढरा येतो. हवा सुधारली म्हणायची का?

उत्तर : बहुधा हो. पांढरं दिसतं ते बहुतेक पाणीच. गंधक काढण्यासाठी धूर चुनखडीच्या ओल्या लगद्यातून नेला की तो दमट होऊन बाहेर पडतो आणि दाट ढग दिसतो. (गंधकाचं पुढे जिप्सम होतं.) खरी गंमत उलटी आहे: ईएसपी चांगला असेल आणि गंधक काढायची सोय मुळीच नसेल, तर धुराड्यातून जवळजवळ काहीच दिसत नाही. लोक म्हणतात, वा, किती स्वच्छ! गंधक जळून होणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूला रंग नसतो आणि ईएसपी वायू पकडत नाही. वाऱ्याबरोबर जाताना त्याचं सल्फेट होतं, शेतातून उठलेला अमोनिया त्याला मिळतो आणि शेकडो किलोमीटर पलीकडे त्याचे बारीक कण तयार झालेले असतात. म्हणजे धूर दिसला नाही तरी धूळ झालीच.

यावर जुना उपाय होता धुराडं उंच करण्याचा. कॅनडात सडबरीच्या निकेल कारखान्याने १९७२ मध्ये ३८१ मीटरचं धुराडं उभारलं. गावातली हवा सुधारली आणि गंधक दूरच्या तळ्यांवर आम्ल होऊन पडू लागलं. मला हा उपाय कधीच आवडला नाही.

प्रश्न : गॅसची ज्योत निळी असते, धूर नसतो. मग खिडकी का उघडायची?

उत्तर : ज्योतीच्या उष्णतेने हवेतलाच नायट्रोजन जळतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड बनतो, ज्योत कितीही निळी असली तरी. दमा असलेल्या मुलांना तो जास्त त्रास देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली. पंखा ज्योत पेटवण्याआधी लावा आणि गॅस बंद केल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. चिमणी असेल तर मागचा बर्नर वापरा, तिथली हवा ती चांगली ओढते. जाळीतून गाळून हवा परत खोलीतच सोडणारी चिमणी तेल पकडते, हा वायू नाही.

प्रश्न : घरात झाडं ठेवली तर हवा शुद्ध होते ना?

उत्तर : नाही. नासाचा १९८९ चा तो प्रसिद्ध प्रयोग बंद पेटीतला होता. घरात हवा सतत बदलते, त्यापुढे कुंडीचं काही चालत नाही. झाडं हौसेने ठेवा.

प्रश्न : वीज गेली की बंदिस्त व्हरांड्यात जनरेटर लावतो. खिडकी उघडी ठेवली तर चालेल?

उत्तर : चालणार नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने धरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते, आणि माणसाला वाटतं आपण दमलो. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान २० फुटांवर, धूर घराच्या उलट दिशेला जाईल असा ठेवा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो झोपायच्या खोलीजवळ लावा. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं तर कारण शोधत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग डॉक्टर.