पोकरमध्ये टार्गेट कशाचं ठेवायचं?

प्रश्न: दादा, आम्ही सहा मित्र शनिवारी रात्री विश्रामबागला एकाच्या गच्चीवर टेक्सास होल्डम (प्रत्येकाला दोन पत्ते आणि टेबलवर सगळ्यांचे मिळून पाच, असं पोकर) खेळतो. पैसे अजिबात नाहीत, प्लॅस्टिकच्या चिप्स, आणि जो सगळ्यात आधी आउट होईल त्यानं पुढच्या वेळी भडंग आणायचं. मी ठरवलं होतं की महिन्यातनं दोनदा तरी पहिला यायचंच, पण कधी महिना महिना काहीच नाही, मग डोकं फिरतं आणि मिळतील ते पत्ते खेळत बसतो. खेळ सुधारायला टार्गेट काय ठेवू? आणि एकजण म्हणतो ॲपवर पैसे लावून खेळ, आपोआप शिकशील, खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी ते टार्गेट खोडून टाका राव. साधा हिशोब बघा, सहाही जण सारख्याच तयारीचे धरले तर चार शनिवारांत एकदाही पहिला न येण्याची शक्यता 48 टक्के आहे, आणि दोन किंवा जास्त वेळा येण्याची फक्त 13 टक्के. म्हणजे तुम्ही बाकीच्यांपेक्षा थोडे भारी असलात तरी बहुतेक महिने नापासच होणार, आणि त्यात तुमची चूक असेलच असं नाही. पत्ते कुठले येणार ते आपल्या हातात नाही, ते टाकायचे की खेळायचे एवढंच आहे, मग टार्गेट त्याचंच ठेवा ना.

तुमच्या सांगलीत बुद्धिबळाचं वेड जुनं आहे, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघितल्या असतील तर माहितीय, पोरं प्रत्येक चाल कागदावर लिहितात आणि जिंकलेला डावही नंतर उघडून बसतात. तेच इथं करा. दर शनिवारी एकच डाव, ज्यात तुम्ही अडकलात तो, मोबाईलच्या नोट्समध्ये टाका. पत्ते कुठले, पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) किती, आणि मुख्य म्हणजे कॉल का केला, म्हणजे समोरच्याएवढ्या चिप्स घालून डावात का राहिलात. "बघू तरी काय आहे त्याच्याकडं" असं कारण निघालं तर समजून जा. (घरगुती टेबलवर निम्म्या चिप्स या "बघू तरी"मध्येच जातात असं माझं मत.)

पहिले दोन-तीन महिने फक्त पॉट ऑड्सच्या, म्हणजे घालायच्या चिप्स आणि पत्ता यायची शक्यता यांच्या हिशोबाच्या, मागं लागा. समजा तुमच्याकडं दोन बदाम, टेबलवर चार पत्ते उघडलेत, त्यात दोन बदाम, आणि फ्लश व्हायला, म्हणजे तीन पत्तीतल्या कलरसारखंच पण इथं एकाच चिन्हाचे पाच पत्ते, अजून एक पाहिजे. बदाम उरले 9, न दिसलेले पत्ते 46, म्हणजे शक्यता साधारण 20 टक्के. पॉट 400 चा आणि समोरच्यानं 200 टाकले. तुम्ही 200 घातले की पॉट 800, त्यातला तुमचा वाटा 25 टक्के. चारातनं एकदा बदाम यायला पाहिजे आणि येतोय पाचातनं एकदा, मग पत्ते टाका. त्यानं 100 च टाकले असते तर पॉट 600 चा झाला असता, वाटा 17 टक्क्यांच्या आत, तेव्हा बिनधास्त कॉल. बदाम आल्यावर तो अजून चिप्स देईल का हा पुढचा विचार, तो नंतर. आणि कॉल बरोबर असूनही बदाम आला नाही तर नोट्समध्ये "बरोबर" असंच लिहायचं, हे जड जातं पण करा.

सुरुवातीच्या पत्त्यांचं म्हणाल तर एक्क्याची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, तिची वाट बघत बसू नका पण राणी-तिग्गीसारखं काहीही घेऊन घुसूही नका. डोकं फिरलं की दोन डाव बाहेर बसायचं, चहा घ्यायचा, हेही टार्गेटच धरा.

ॲपचं मात्र नाही. 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आहे, कौशल्याचा खेळ असला तरी. त्या मित्राला सांगा, आणि पुढचं भडंग त्यालाच आणायला लावा.