तुम्ही विचारलंत: ग्रेस या माउसनं ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत अक्षावरच्या आकड्यांमधलं अंतर कसं बदलायचं? की सरळ ग्नूप्लॉटच्या, म्हणजे कमांड टाइप करून ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरच्या, कमांडच शिकू?

'कमांडच शिका' म्हणणारा कुणीही भेटला की मला आमचे भावोजी आठवतात.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या लॅबमध्ये आम्ही दोघं आहोत, ते सीनियर. वितळलेलं लोखंड कपात ओतायचं आणि थंड होताना तापमानाची रेषा काढायची, हे रोजचं काम. ग्रे आयर्नची, म्हणजे साध्या ओतीव लोखंडाची, रेषा ११५० अंशांच्या थोडं खाली बुडते आणि परत जराशी वर येते. बुडी फार खोल गेली की ओतलेल्या वस्तूच्या पातळ भागात चिल, म्हणजे टूल खाणारं कडक पांढरं लोखंड, आलंच म्हणून समजा, मग मशीन शॉपवाले टूल घेऊन भांडायला येतात. सगळी गोम त्या इवल्याशा खळग्यात.

एकदा गिऱ्हाइकाचे इन्स्पेक्टर आले, म्हणाले खळगा दाखवा. भावोजी ग्नूप्लॉटमध्ये रेंज टाइप करायला बसले, कोलनच्या जागी स्वल्पविराम पडला, एरर. मी ग्रेसमध्ये भिंगाचं बटण दाबलं, खळग्याभोवती चौकोन केला, झालं. इन्स्पेक्टर खुर्ची घेऊन माझ्याकडे आले. ते गेल्यावर भावोजी म्हणतात, "माउसनं काय खेळायलास रे? असला ग्राफ दुसऱ्यांदा तसाच येतोय होय?"

येतो की! ग्राफ सेव्ह केल्यावर होणारी ग्रेसची एजीआर फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघा. रंग, जाडी, अक्ष, तुम्ही माउसनं केलेलं सगळं तिथं ओळीनं लिहिलेलं असतं. प्लॉट मेनूतून पॅरामीटर्स सेव्ह केले की उद्याच्या डेटालाही तेच रूप देता येतं. हे मी जेवताना, लग्नात, गणपतीत सांगून झालंय.

तुमचं काम: अक्षावर डबल-क्लिक, 'मेजर स्पेसिंग' बदला, अप्लाय. चित्र हवं असेल तर प्रिंट सेटअपमध्ये पीएनजी निवडून प्रिंट म्हणा, फाइल तयार होते, प्रिंटर लागत नाही. बाकी मेनू स्वतः उघडून बघा, काही फुटत नाही.

हां, अनडू नाही, तेव्हा आधी सेव्ह करा. रोज ढीगभर फाइली असतील तर कमांड लागतीलच, पण त्यासाठीही ग्रेसबॅट, म्हणजे खिडकी न उघडता कमांडनं चालणारं ग्रेसच, आहे, ग्नूप्लॉटच पाहिजे असं कोण म्हणतो? आणि अक्षांची नावं देवनागरीत पाहिजे असतील तर ग्रेसचा नाद सोडा, लॅबप्लॉट घ्या. तेही माउसनंच चालतं.