दुर्बीण एकच न्या

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला, व्हिडिओही दोनदा पाहिला. अमेरिकेतलं ते जोडपं अंधारात मचाणावर चढतं, थर्मासातली कॉफी दोघांत वाटून पितं आणि उजाडल्यावर नवरा हरणावर गोळी झाडतो. 'सर, लग्नानंतर दोघांनी मिळून असं काहीतरी करायचंय, शिकार सोडून,' असं लिहिलंस. शिकार सोडून म्हणालास ते बरं केलंस. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ते चालतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो विषय संपवला. आणि कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी नव्हे. फास लावणं, आमिष ठेवणं, हाका घालून जनावर हुसकावणं, यातलं काही करायचा नुसता प्रयत्नही शिकारच. काळविटाच्या बाबतीत तीन ते सात वर्षं आत. माझे आजोबा गावच्या पारधीत हाक्याला जायचे. त्यांची वाघूर, म्हणजे जनावर धरायचं जाळं, आमच्या माळ्यावर उंदरांनी खाल्ली, ते एका अर्थी बरंच झालं.

पण गोळी वजा केली तरी शिकारीतलं बहुतेक काम शिल्लक राहतंच की. माग काढणं, वारा बघणं, गप्प बसणं. त्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरला जा.

ताकारीकडून घाट चढलास की देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. त्याच डोंगरावर हे 10.87 चौरस किलोमीटरचं अभयारण्य. आज दिसतं ते रान माणसांनी उभं केलंय. डोंगर उजाड होता. मोहित्यांच्या वडगावचे धों. म. मोहिते यांनी माणसं जमवून झाडं लावली, हरणं आणून सोडली गेली आणि 1985 साली अभयारण्य झालं. चितळ, सांबर, भेकर, काळवीट सगळे आहेत. काळवीट हे खरं तर हरीण नव्हे, कुरंग, इंग्रजीत अँटिलोप. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, काळविटाची जन्मभर तीच. गळलेलं शिंग वाटेत दिसलं तर बघ, हात लावू नकोस. दिवाणखान्यात टांगायला म्हणून घरी आणलंस तर तोही गुन्हाच.

जायचं ते चैत्र-वैशाखात. त्या डोंगरावर बारमाही पाणी नाही, त्यामुळे उन्हाळ्यात जनावर पाणवठ्यावर येतंच. आत कुठवर जायचं, कधी बाहेर पडायचं ते गेटवर विचारून घ्या आणि वनरक्षक सांगेल तिथंच बसा.

बसण्याआधी वारा बघ. चुलीतली चिमूटभर राख पुडीत घेऊन जा आणि हळूच सोड. राख पाणवठ्याकडे गेली तर तुमचा वासही तिकडंच चाललाय. उठा, जागा बदला. डिओ नको, अत्तर नको, आणि सूनबाईंना वाईट वाटणार असेल तर माझं नाव सांग, पण त्या दिवशी गजराही नको. कपडे मातकट. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, म्हणून तर तिकडचे शिकारी बिनधास्त नारिंगी जाकिटं घालतात, एकमेकांची गोळी लागू नये म्हणून. निळा मात्र त्याला चांगला दिसतो. तेव्हा नीळ घातलेला तुझा तो पांढराशुभ्र शर्ट घरीच ठेव.

आता खरं सांगायचं ते. पहिल्यांदा मी तुझ्या काकूंना घेऊन गेलो तेव्हा दुर्बीण माझ्या गळ्यात आणि डब्याची पिशवी त्यांच्या हातात. मी पुढं, त्या मागं. मास्तरकी अंगात मुरलेली, त्यामुळे वाटभर खुरांचे ठसे दाखवत माझं व्याख्यान चालू. पाणवठ्यापाशी तासभर बसलो. मी दुर्बिणीतून समोरची पायवाट धरून बसलेलो. काकूंनी माझ्या गुडघ्याला बोट लावलं. थोड्या वेळानं पुन्हा लावलं. मला वाटलं कंटाळल्या. मी न वळता म्हणालो, "थांब गं जरा." चांगलं मोठ्यानं.

डावीकडं वीसेक पावलांवर घाणेरीच्या आडून चितळाचा नर पाण्याकडं निघाला होता. त्यानं पुढचा पाय जमिनीवर आपटला, शिटीसारखा आवाज काढला, आणि मला दिसलं ते फक्त वर उचललेलं पांढरं शेपूट. शिंगांवर अजून मखमल, म्हणजे नव्या शिंगावरची मऊ लवदार कातडी होती, असं काकू सांगतात. मी शिंगं पाहिलीच नाहीत.

परत येताना घाट उतरेपर्यंत त्या बोलल्या नाहीत. ताकारीत चहा घेताना म्हणाल्या, "तुम्हाला हरीण बघायचंच नव्हतं. मला दाखवायचं होतं."

म्हणून निघायच्या आधी दोघांनी खुणा ठरवा. आमच्या अशा आहेत: एक बोट म्हणजे डावीकडं, दोन म्हणजे उजवीकडं, मूठ म्हणजे श्वाससुद्धा जपून. ज्याला आधी दिसेल त्यानं खूण करायची आणि दुसऱ्यानं ती मुकाट्यानं मानायची. कोण जास्त शिकलंय, कोणी यूट्यूब जास्त पाहिलंय, याचा तिथं संबंध नाही. फोटोचा मोह धरू नकोस. मोबाइल वर उचलणारा हातच आधी दिसतो. काहीच आलं नाही तरी उठून भांडू नका. आमच्या निम्म्या फेऱ्या नुसते ठसे आणि लेंड्या बघून झाल्यात, आणि डबा मात्र दर वेळी संपलाय.

कुंपणाच्या कडेला तारेचा फास दिसला तर तो स्वतः काढायला जाऊ नकोस. वनरक्षकाला दाखव, नाहीतर वनखात्याच्या 1926 वर फोन कर. आणि खाली उसाच्या फडातला शेतकरी हरणांना शिव्या घालताना भेटला तर त्याला निसर्गप्रेम शिकवत बसू नकोस. रात्रीत कोवळं पीक त्याचं जातं, तुझं नाही.

नवी दुर्बीण विकत घेऊ नकोस. आमची आहे ती घेऊन जा. दोघांत एकच असली की ती सारखी एकमेकांच्या हातात द्यावी लागते, तेच बरं. फक्त ती हल्ली माझ्याकडे नसते. काकूंकडे माग.

तुझा,
सर