खेळघर : ड्रॅगनचा डबा घ्यावा की नाही?

या महिन्याच्या पत्रांत लेगोसारख्या, एकात एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या खेळण्यांचीच गर्दी आहे. अंबडच्या प्लास्टिक कारखान्यात क्वालिटीच्या टेबलावर मी सगळी नोकरी काढली. त्यामुळे खेळणं हातात आलं की आधी उलटं करून बघते. उत्तरंही त्याच चालीची आहेत.

नातू सात वर्षांचा. मोबाईलवर निन्जागो बघतो आणि त्यातला ड्रॅगन हवाच म्हणून हटून बसलाय. मेन रोडवर चौकशी केली आणि किंमत ऐकून तशीच परत आले. ही कार्टून म्हणजे जाहिरातच ना? – एक आजी, पंचवटी

आजी, जाहिरातच आहे, आणि कंपनीने ती लपवलेलीही नाही. विटा बनवणाऱ्या लेगो कंपनीने 2011 साली निन्जागोचे डबे आणि कार्टून एकाच वर्षी आणले. गोष्टीत नवा ड्रॅगन उडाला की समजावं, दुकानात नवा डबा लागलाय. ही चाल जुनीच. तुमच्या मुलांनी दूरदर्शनवर हीमॅन पाहिला असेल. त्याच्या बाहुल्या 1982 च्या आणि कार्टून 1983 चं. आधी माल, मग गोष्ट.

पण तेवढ्यावरून गोष्ट टाकाऊ ठरत नाही. निन्जागो 2013 च्या सुमारास आटोपतं घ्यायचा बेत होता आणि त्याच्या जागी चिमा नावाची, प्राण्यांच्या टोळ्यांची मालिका आणली होती. पोरांनी निन्जागो काही सोडलं नाही. चिमाच दोन-तीन वर्षांत गुंडाळलं गेलं. म्हणजे पोरं दाखवाल ते गिळतात असंही नाही.

तुमच्या कामाचा मुद्दा पुढे आहे. कार्टून बंद पडतं, विटा राहतात. 1958 साली पेटंटसाठी अर्ज केलेली वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. तेव्हा डबा घेताना ड्रॅगनकडे बघू नका, ड्रॅगन मोडल्यावर काय उरेल ते बघा. डब्यावर पीसचा आकडा छापलेला असतो, पण नुसत्या आकड्याला भुलू नका. पंख, तलवारी, मुखवटे, कातडीसारखे कापडी तुकडे यांचीच भरती असेल, तर ते पुन्हा ड्रॅगनलाच लागणार. साध्या आडव्या विटा आणि चपट्या पट्ट्या भरपूर असतील, तर पैसे वसूल.

किमतीत करही आहे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 वर. दुकानदाराशी घासाघीस करून ती उतरत नाही.

माझं ऐकाल तर त्याच मालिकेतला सगळ्यात लहान डबा घ्या, ज्यात त्याचा लाडका निन्जा असेल, आणि सोबत साध्या विटांचा एक मोठा डबा. ड्रॅगन तो स्वतःच करेल. माझ्या भाचीच्या मुलाने मागच्या पावसाळ्यात असाच डबा मोडून आपला दुतोंड्या मारुती केला होता, नाशिकच्या गोदावरीच्या पात्रातली ती मूर्ती, जिच्यावर पुराचं पाणी मोजतात. अंगाला लाल-केशरी विटा, दोन तोंडं म्हणून दोन निन्जांची डोकी पाठीला पाठ लावून, आणि ड्रॅगनच्या आगीचे पारदर्शक तुकडे पुराचं पाणी म्हणून. रोज गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी किती चढलं ते बातम्यांत ऐकायचं आणि तुकड्यांची एक रांग वाढवायची. पाणी छातीला लागलं त्या दिवशी आगीचे तुकडे संपले. मग पिवळ्या विटा लावल्या, गढूळ पाणी म्हणून.

आणि एक. जोडून झालेला ड्रॅगन 'महागाचा आहे, मोडू नको' म्हणत काचेच्या कपाटात ठेवणारी बहुधा मोठीच माणसं असतात. तुम्ही ठेवू नका.

वय अडतीस. स्वतःसाठी मोठा सेट जोडून हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवलाय. आता आतून उजळणारं दिव्यांचं किट लावायचं आहे. उष्णतेने विटा वाकतील का? पांढऱ्या विटा आधीच पिवळसर दिसतात. घरात दीड वर्षाची मुलगी आहे. – गंगापूर रोड

वर कपाटाला नावं ठेवली, पण तुम्ही स्वतःच्या पैशाने खेळताय, ते वेगळं.

विटा एबीएस प्लास्टिकच्या असतात. ते शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण पातळ तुकडे त्याच्या बरेच आधी वाकायला लागतात. धुवायलासुद्धा 40 अंशांपेक्षा गरम पाणी नको म्हणतात ते त्यामुळेच. किटमधले एलईडी तांदळाएवढे, चालतात 5 व्होल्टवर, त्यांची धग लागत नाही. शोकेसच्या छताला जुना हॅलोजन असेल तर मात्र तो आधी काढा. आणि दिवाळीचं तोरण आत कोंबायचा मोह टाळा. त्यात थेट घरातली 230 व्होल्टची वीज खेळत असते.

पिवळेपणाचा दोष दिव्यांवर टाकू नका. तो उन्हातल्या अतिनील किरणांचा, आणि एलईडीत ते नसल्यातच जमा. शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे का बघा. आपल्याकडचं एप्रिलमधलं चारचं ऊन काचेतूनही काम करतं. कपाट हलत नसेल तर जाड पडदा लावा.

वायर केसासारखी बारीक असते. ती विटेवरच्या दोन गुंड्यांच्या (गोल उंचवट्यांच्या) मधल्या फटीतून न्यायची, गुंडीवरून कधीच नाही. गुंडीवर वायर आली आणि वरून पट्टी दाबली की ती तिथंच कापली जाते, आणि मग कुठला दिवा का लागत नाही हे शोधायला अर्धा सेट उचकटावा लागतो. प्रत्येक दिवा बसवायच्या आधी पेटवून बघा. तारेचं टोक ओढू नका, चिमट्याने कनेक्टर धरा. बाकी पुस्तिकेत असतंच.

आता मुलीबद्दल, आणि हे नीट वाचा. काही स्वस्त किटांबरोबर नाण्यासारख्या बॅटरीची डबी येते. सीआर2032 म्हणजे 20 मिलिमीटर रुंदीची, 3 व्होल्टची चकती. ती लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकली तर ओल्या जागी वीज वाहू लागते, तिथं कॉस्टिक सोड्यासारखा जाळणारा क्षार तयार होतो आणि दोन तासांच्या आत भाजून जखम होऊ शकते. बॅटरी फुटायची गरज नसते, जुनी 'संपलेली' चकतीही तेच करते. तुम्ही यूएसबीवर चालणारंच किट घ्या, मोबाईलच्या चार्जरवर चालतं. आधीच आणलेली डबी स्क्रूने बंद होत नसेल तर घरात ठेवू नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, केळं-भात भरवून वाट बघायची नाही, थेट एक्स-रे निघेल अशा हॉस्पिटलमध्ये जायचं.

बुधवारच्या बाजारात तशाच विटा पाव किमतीत मिळतात. मूळ विटांवर बसतात का? घेणं म्हणजे चोरीला हातभार का? – नाशिकरोड

वीट दुसऱ्याने बनवणं ही चोरी नव्हे. जुन्या विटेच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली, आणि विटेचा आकारच ट्रेडमार्क म्हणून राखून ठेवायला युरोपच्या न्यायालयाने 2010 मध्ये नकार दिला. दुसऱ्याचं नाव, बाहुली किंवा अख्खा सेट जसाच्या तसा उचलला तर ती चोरी.

बसतील का, ते हाताने ठरवा. विकणाऱ्याकडून दोन विटा मागा. उलट्या करा. आठ गुंड्यांच्या विटेखाली तीन नळ्या दिसतील. खालच्या विटेच्या गुंड्या या नळ्या आणि भिंत यांच्यात चेपून बसतात, सगळी पकड तिथली. एकीवर एक दाबा आणि वरची धरून उचला. खालची सुटली तर परत द्या. दोन्ही नखांनी ओढूनही निघत नसेल तरी परत द्या, पोर दाताने काढेल. मग कडेवरून नख फिरवा. साच्याच्या दोन भागांच्या जोडावर धार लागली तर साचा झिजलाय. चांगल्या विटेत एक शतांश मिलिमीटरचा हिशोब असतो. झिजलेल्या साच्याला तो जमत नाही.

त्याआधी डब्यावर आयएसआय चिन्ह बघा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं आहे. चिन्हाखालचा परवाना नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की खरं-खोटं कळतं. पिशवीत सुटा माल, ना चिन्ह ना नाव, तो माझ्या घरात येणार नाही, कितीही स्वस्त असो.

माझ्या सेटचं पुस्तक हरवलं आणि एक पीसही. आई नवीन आणत नाही. – इयत्ता पाचवी, इंदिरानगर

आई बरोबर आहे. डब्यावर सेटचा नंबर असतो. तो लेगोच्या वेबसाइटवर टाकला की अख्खं पुस्तक फुकट उतरवता येतं. हरवलेल्या पीससारखा दुसरा तुझ्याकडे असेल तर तो उलटा कर, आत बारीक नंबर कोरलेला असतो. दिसत नसेल तर भिंग घे. तो नंबर वहीत लिही आणि वर्गातल्या ज्या मुलांकडे विटा आहेत त्यांना विचार. बदल्यात तुझ्याकडचा जास्तीचा एखादा पीस द्यावा लागेल. तलवार देऊ नकोस, चाक दे.